वाघमारे आणि बेपत्ता ओरखडा

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या सागवानी दारावर, कुलपाभोवती, ओरखडे उठले. रामनवमीस पुन्हा. अक्षय्य तृतीयेस तिसऱ्यांदा. जबाबदार व्यक्ती: रखवालदार, जो दुपारी झोपतो (मीही झोपतो, पण मला त्याचा पगार मिळत नाही); सोसायटीचे सेक्रेटरी, जे त्याला झोपू देतात; आणि वरच्या मजल्यावरील श्री. वाघमारे, ज्यांनी तिन्ही वेळा पुरावा नष्ट केला. वाघमारे हे त्यांचे खरे आडनाव नव्हे. पुण्यात सोसायट्या पुष्कळ आहेत, शोधू नये.

वाघमारे निवृत्त अभियंते. लाकडावरचा टवका त्यांना बघवत नाही. सांत्वनाला गेले तरी आधी खुर्चीच्या हातावर अंगठा फिरवतात. एका लग्नात अक्षता पडण्यापूर्वी त्यांनी नवरदेवाची खुर्ची दुरुस्त केली. खिशात मेणाच्या रंगीत कांड्या, त्या वितळवून खाच भरायची, बारीक कुंचल्याने लाकडाच्या शिरा काढायच्या आणि म्हणायचे, "बोट फिरवा. लागलं तर सांगा." आजवर कोणाला लागलेले नाही.

माझी तक्रार घरफोडीच्या प्रयत्नाची होती. सेक्रेटरी पाहणीस आले, तेव्हा दार नव्यासारखे.

"काका, ओरखडा कुठाय?"

"सकाळपर्यंत होता."

"मग चोरच पॉलिश करून गेला असेल."

मी वर जाऊन वाघमाऱ्यांना कायदा ऐकवला. ते म्हणाले, "अहो, पण दार किती छान दिसतंय."

अखेर परवा दुपारी मी झोपेचा त्याग करून दाराआड बसलो. कुलपात किल्ली खरखरली. छत्री उगारून दार उघडले. समोर सौ. वाघमारे, हातात मेथीची जुडी.

"अहो, आपण आमच्या घरात काय करताय?"

मी छत्री खाली घेतली. तेवढ्यात कांड्यांचा डबा घेऊन वाघमारे जिना उतरले. "मालू, अजून एक मजला. चल." सौ. वाघमारे चार पायऱ्या चढल्यावर ते हळूच म्हणाले, "हल्ली तिचे मजले चुकतात. लोकांना कळलं, तर एकटीला सोडू नका म्हणतील. आणि भाजी आणणं तेवढंच तिचं उरलंय हो."

तक्रार मी मागे घेतली आहे. कारण दिलेले नाही. देण्यास मी बांधील नाही. मात्र रंगकामात जिन्यातले मजल्यांचे आकडे पुसले गेले, ते पुन्हा, ठळक, का लिहिले नाहीत, याचे उत्तर सेक्रेटरींनी सर्वसाधारण सभेत सर्वांसमक्ष द्यावे. आकडे कोणासाठी हवेत, हे विचारू नये.