उरलं ते उत्तर

जेवणाच्या टेबलावर ताटांऐवजी सराव परीक्षेचे कागद मांडले गेले, तेव्हाच बायकोने फुलीसाहेबांना विचारलं होतं की, इंग्रजीतलं तुम्हाला नक्की काय कळतं? फुलीसाहेबांनी प्रामाणिकपणे सांगितलं की फारसं काही नाही. पण चूक कळते.

फुलीसाहेब हे त्यांचं नाव नव्हतं. ते शर्टांच्या कारखान्यात तपासनीस होते. शिवून झालेला प्रत्येक शर्ट त्यांच्या टेबलावरून जायचा. कॉलर वाकडी दिसली, काज उसवलेलं दिसलं की ते खडूने फुली मारत आणि शर्ट बाजूला टाकत. चांगल्या शर्टाला ते काहीच करत नसत. तो आपोआप पुढे सरकायचा. घरातही हीच पद्धत होती. भाजी खारट झाली तर ते सांगत. चांगली झाली तर जेवून उठत. शांतता म्हणजे पसंती, हे बायको लग्नानंतर लवकरच शिकली होती. मुलीला तर ते जन्मापासूनच ठाऊक होतं. शाळेचं प्रगतिपुस्तक बाबांनी न बोलता परत दिलं की ती खूश व्हायची.

या मुलीला भाषांच्या महाविद्यालयात जायचं होतं. गावात तसं एकच होतं आणि त्याच्या प्रवेश परीक्षेत निम्मा भार इंग्रजीवर होता. इंग्रजी तिचं चांगलं होतं. अडचण वेगळीच होती. उतारा वाचून प्रश्न सोडवा म्हटलं की ती उतारा खरोखरच वाचायची. एका सराव परीक्षेत घड्याळं दुरुस्त करणाऱ्या आणि स्वतः सगळीकडे उशिरा पोचणाऱ्या माणसाचा उतारा आला. ती वाचता वाचता हसली, मागे जाऊन एक परिच्छेद पुन्हा वाचला, आणि वेळ संपला तेव्हा खालचे प्रश्न जसेच्या तसे होते.

तेव्हा फुलीसाहेबांनी सूत्रं हाती घेतली.

त्यांचं तत्त्व साधं होतं. बरोबर उत्तर शोधत बसायचं नाही. चार पर्यायांतले तीन चुकीचे असतात, ते काढायचे. उरलं ते उत्तर. कारखान्यात कोणी चांगला शर्ट शोधत बसत नाही, असं ते म्हणाले. उताऱ्याबद्दलही त्यांचं मत पक्कं होतं: आधी प्रश्न वाचायचे, मग उताऱ्यात हवं तेवढंच बघायचं आणि बाहेर पडायचं. वाक्याच्या चार भागांतला कोणता चुकला आहे ते ओळखा, असा एक प्रकार होता. तो समजावून सांगितल्यावर ते काही वेळ कौतुकाने त्या कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, हे तर आमचंच खातं.

या कामात त्यांना मामाची मदत झाली. मामा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. हीच परीक्षा त्याने तीनदा दिली होती आणि तिन्ही वेळा नापास झाला होता, त्यामुळे घरात तो अनुभवी समजला जाई. काहीच सुचलं नाही तर सगळ्यांत लांब पर्याय निवडायचा, असा त्याचा सल्ला होता. हा सल्ला तू वापरला होतास का, असं बहिणीने विचारलं, तेव्हा त्याने विषय पेन्सिलीवर नेला. उत्तरपत्रिका यंत्र तपासतं आणि यंत्राला फिकट दिसत नाही, म्हणून त्याने भाचीसाठी दुकानातली सगळ्यांत काळी, सगळ्यांत मऊ पेन्सिल आणली. आईला वाटलं, आपणही काही द्यावं. तिने कोरं खोडरबर आणलं. ते गुलाबी होतं आणि त्याला वास येत होता.

रोज संध्याकाळी सराव चाले. मुलगी उत्तराच्या कागदावर नको ते तीन गोल फुल्यांनी काढून टाकी. फुलीसाहेबांना प्रश्न वाचता येत नसले तरी तपासणं सोपं होतं. ते प्रत्येक ओळीवरून बोट फिरवत, फुली नसलेल्या गोलापाशी थांबत आणि तो छापील उत्तरांशी ताडून बघत. चुकलं तर सांगत. हळूहळू त्यांचं सांगणं कमी होत गेलं. शेवटच्या आठवड्यात त्यांनी तोंडच उघडलं नाही. मुलगी आनंदात होती.

खऱ्या परीक्षेत बरोबर गोल काळा करायचा असतो, हे तिला माहीत होतं. तिला न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं. फुल्या प्रश्नपत्रिकेवर मारायच्या आणि उरलेला गोल उत्तरपत्रिकेवर रंगवायचा, असं तिने ठरवलं होतं. गणित आणि सामान्य ज्ञान व्यवस्थित पार पडलं. मग इंग्रजीच्या पुस्तिका वाटताना पर्यवेक्षक बाईंनी सांगितलं की पुस्तिकेवर टिंबसुद्धा काढायचं नाही, कारण याच पुस्तिका दुपारच्या मुलांना द्यायच्या आहेत.

फुल्या मारल्याशिवाय आता तिला विचारच करता येईना. मनातल्या मनात तीन पर्याय काढून बघितले, तर चौथ्यापाशी पोचेपर्यंत पहिला परत यायचा. शेवटी तिने मार्ग काढला. फुल्या उत्तरपत्रिकेवरच मारायच्या, अगदी हलक्या हाताने. शेवटी सगळ्या खोडायच्या आणि बरोबर गोल रंगवायचे. साफसफाईला तिने भरपूर वेळ राखून ठेवला. हात असा चालला की शेवटच्या उताऱ्यापाशी ती ठरल्यापेक्षा आधीच पोचली.

तो उतारा एका दीपगृहाच्या रखवालदाराचा होता. दिवा आता आपोआप लागतो, तुमची गरज नाही, असं कळवणारं पत्र त्याला येतं. तरीही तो रोज संध्याकाळी जिना चढून वर जातो. मुलीने नियमाप्रमाणे आधी प्रश्न वाचले. हवं तेवढं बघायला ती उताऱ्यात शिरली, फुल्या मारून झाल्या, तरी बाहेर आलीच नाही.

भानावर आली तेव्हा पर्यवेक्षक बाई शेवटची सूचना देत होत्या. तिने खोडरबर उचललं. मऊ पेन्सिलीची फुली त्याने पुसली जाईना. ती फक्त पसरायची. पहिल्या काही ओळींत फुल्यांचे ढग झाले. घाबरून तिने पुसणं सोडलं आणि गोल रंगवायला घेणार, तेवढ्यात कागद हातातून गेला.

घरी तिने सांगितलं की पेपर सोपा होता. ते खोटं नव्हतं. यंत्राला ढगांतून काहीतरी दिसेल, अशी तिला आशा होती.

यंत्राला सगळंच दिसलं. एका प्रश्नाला अनेक उत्तरं म्हणजे चुकीचं उत्तर, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापायचे, असा नियम होता. इंग्रजीत तिला शून्याच्याही खाली गुण मिळाले. काहीही न लिहिता झोप काढली असती तर जास्त मिळाले असते.

"माझं शून्याखाली कधी गेलं नव्हतं," मामा म्हणाला. त्याच्या आवाजात दुःख होतं, पण निव्वळ दुःख नव्हतं. बहिणीने त्याच्यापुढचा चहा उचलून आत नेला.

मग मुलीने सगळं सांगितलं: पुस्तिका, फुल्या, खोडरबर, दीपगृह. फुलीसाहेबांनी आधी उताऱ्याला दोष दिला, मग पेन्सिलीला, मग दुपारच्या मुलांना. दुसऱ्या दिवशी कारखान्यातून रजा घेऊन ते तिच्याबरोबर परीक्षा कार्यालयात गेले. खिडकीवरच्या कारकुनाने एकालाच आत सोडलं. मुलगी बाहेर बाकावर बसली.

कारकून भला होता. त्याने पडद्यावर उत्तरपत्रिका काढून दाखवली आणि शेजारी अधिकृत उत्तरं ठेवली. फुलीसाहेबांनी चष्मा पुसला. पडद्याला बोट न लावण्याची पाटी होती, म्हणून त्यांनी हवेतच बोट फिरवलं. पहिली ओळ, तीन डाग, एक स्वच्छ. दुसरी ओळ, तीन फुल्या, एक स्वच्छ. ते खालपर्यंत गेले, परत वर आले आणि पुन्हा खालपर्यंत गेले. कुठेही थांबावं लागलं नाही. उताऱ्याचे प्रश्नसुद्धा.

"एकही चूक नाही," ते म्हणाले. "नको ते काढलंय. उरलंय ते उत्तर."

कारकुनाने खुर्ची पुढे ओढून स्वतः काही ओळी ताडून पाहिल्या. त्यालाही ते मान्य करावं लागलं.

"बरोबर आहे तुमचं, काका," तो म्हणाला. "पण यंत्र उरलेलं बघत नाही. खूण केलेलं बघतं. बरोबर असेल त्यावर खूण करायला हवी ना."

दुरुस्तीचा अर्ज करता येईल का, असं फुलीसाहेबांनी विचारलं. तशी सोय नव्हती. पुढच्या वर्षी पुन्हा बसता येईल, असं कारकून म्हणाला आणि पडदा बंद केला.

घरी येताना ते गप्प होते. मुलगी एक पाऊल मागून चालत होती. बाबांची शांतता म्हणजे पसंती, हे तिला जन्मापासून ठाऊक होतं. या शांततेचा अर्थ मात्र तिला लावता येत नव्हता, आणि विचारण्याची घरात पद्धत नव्हती.

त्या संध्याकाळी टेबलावर कागद नव्हते, ताटं होती. मामाही होता, भिंतीकडे तोंड करून. फुलीसाहेबांनी पहिला घास घेतला, गिळला आणि घसा साफ केला. बोलायचं मुलीशी होतं, पण एकदम तिथे हात घालायचा धीर होईना. सराव म्हणून त्यांनी जवळचा विषय घेतला.

"भाजी चांगली झालीय."

बायकोचा हात वाटीपाशी थांबला. "का? काय झालं?"

"काही नाही. चांगली झालीय."

"अहो, सरळ सांगा ना. करपली का?"

त्यांनी मान हलवली आणि मुलीकडे वळले. शब्द शोधायला त्यांना वेळ लागला. हे काम त्यांनी कधी केलं नव्हतं.

"तुझी सगळी उत्तरं बरोबर होती. एकूण एक. मी दोनदा बघितलं," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "तिथेच बाहेर येऊन सांगायला हवं होतं. आधीही, सराव चालला होता तेव्हा."

मुलीने ताटातून मान वर केली नाही. नाक तेवढं एकदा ओढलं.

"तो दीपगृहवाला," त्यांनी विचारलं. "त्याचं पुढे काय झालं?"

"तेवढंच दिलं होतं, बाबा. उतारा तिथेच संपतो."

"मग जेवढं आहे तेवढं सांग."

ती सांगू लागली, अगदी पहिल्या ओळीपासून, आणि ते खरोखर ऐकू लागले. ऐकता ऐकता त्यांनी दुसऱ्यांदा भाजी वाढून घेतली. तेव्हा बायकोने हळूच एक घास तोंडात टाकला. दिवसभराच्या काळजीत तिच्या हातून मीठच पडलं नव्हतं. तिने मुलीकडे बघितलं. मुलीला केव्हाच कळलेलं होतं. मामाने तोंड उघडलं, तशी टेबलाखालून त्याला लाथ बसली.

मिठाची बरणी मागच्या फळीवर होती. ती आणायला कोणी उठलं नाही.