एका शब्दात थांबतो

निवृत्त हेडक्लार्क काका सकाळी फिरायला निघाले की शेजारी म्हणत, "निघाला गोटू, काकांना घेऊन." गोटू म्हणजे त्यांचा कुत्रा. तो पट्टा असा ओढायचा, की काकांची एक चप्पल हमखास मागे राहायची. परवा तर त्याने सोसायटीच्या सेक्रेटरींनाच पट्ट्यात गुंडाळून आडवं केलं. सेक्रेटरींनी निर्वाणीचं सांगितलं, "रविवारी माझ्यासमोर याला फाटकापर्यंत नीट चालवून दाखवा. नाहीतर कुत्रा इथे राहायचा नाही."

काका गोटूला उठता-बसता नालायक म्हणत, पण त्याच्याशिवाय घर त्यांना खायला उठलं असतं.

त्यांनी पुस्तक आणलं. कुत्र्याने ओढलं की 'थांब' म्हणून जागच्या जागी उभं राहावं, पट्टा सैल झाला की बिस्कीट द्यावं, असं त्यात होतं. खिशात चुरा नको म्हणून बिस्किटांचा डबा काकूंकडे. त्या चार पावलं मागून येत.

"थांब!" काका ओरडत. गोटूला त्याचं सोयरसुतक नसे.

"अहो, खड्डा!" मागून काकू.

काका थबकत, म्हणून गोटूही थबके. तेवढ्यात काकू पोचत आणि त्याला बिस्कीट देत.

"अहो, सायकल!" पुन्हा तेच.

पाच दिवसांत गोटू सुतासारखा सरळ आला. काका खूश. "बघितलंस? माझ्या 'थांब'चा दरारा! रविवारी तू घरीच राहा. तुझ्या बडबडीने त्याचं लक्ष उडतं."

रविवारी निम्म्या वाटेत मांजर आडवं गेलं आणि गोटू सुटला.

"थांब! थांब! अरे, थांब रे बाबा!"

मागे फरपटत काका, समोर भिंतीला चिकटलेले सेक्रेटरी. इतक्यात वरून सेक्रेटरींच्या बायकोने हाक मारली, "अहो, दूध उतू गेलं!"

गोटू जागीच बसला आणि बिस्किटाची वाट बघू लागला.

सेक्रेटरींनी घाम पुसला. "ठेवा कुत्रा. पण काका, हाक हीच मारायची. ते 'थांब' नको."

दुसऱ्या दिवसापासून काका चारचौघांत कुत्र्याला "अहो! अहो, ऐका ना!" म्हणत विनवू लागले. लोक हसले तर हसले, गोटू घरात राहिला होता.

पंचाईत झाली ती काकूंची. काका किल्ली विसरून निघाले होते. 'अहो' म्हणावं, तर गोटू भररस्त्यात फतकल मारणार आणि बिस्किटाशिवाय उठणार नाही. त्या क्षणभर घुटमळल्या. मग गॅलरीतून, बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच, त्यांनी नवऱ्याला चक्क नावाने हाक मारली.

गोटू चालतच राहिला. काका मात्र खिळल्यासारखे उभे.

"काय म्हणालीस?"

"किल्ली राहिली."

"ते नाही गं, त्याच्या आधी." काकांचे कान लाल झाले होते. गोटू पट्टा ओढत होता, पण ते तसूभरही हलले नाहीत. "पुन्हा एकदा म्हण बघू."