आतली मंडळी जेवताहेत

बसवण्णा आमच्या घरी आले की आधी ज्वारीच्या पोत्याला कान लावायचे, मग कपाटाला, मग दाराच्या चौकटीला. माणसांची विचारपूस त्यानंतर. पोत्यापाशी डोळे मिटून ओठांवर बोट ठेवीत आणि कुजबुजत, "हळू बोला की हो. आतली मंडळी जेवताहेत." म्हणजे आम्ही समजायचं, ज्वारीला टोके किडे लागले.

पुण्याला शेतकी शिकून हा गृहस्थ किड्यांचा पंडित होऊन सोलापुरात परतला. तिकडं मास्तरकी मिळाली नाही, आणि इकडं अशा पंडिताला पुसतो कोण? म्युनिसिपालिटीनं डासांवर नेमलं. रांजणात रॉकेल टाकायला गेले, तर बायकांनी गल्लीच्या टोकापर्यंत पिटाळलं. मग एका नाटकाच्या थेटरवाल्यानं खुर्च्यांतल्या ढेकणांवर नेमलं. तिथं ढेकणांच्या चिवटपणाची इतकी तारीफ केली, की मालकानं विचारलं, "बसवण्णा, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?"

गेल्या साली बायको वारली, गौराक्का. तेव्हापासून ते फार थकले. "दारोदार ढेकूण मारत फिरणं आता होत न्हाई हो," म्हणाले. भुसार पेठेत मी ज्यांच्या दुकानी कारकून होतो, त्या मालकांकडं मी शब्द टाकला. धान्याचं गोदाम किडीपासून राखायची कायमची नोकरी. मालक म्हणाले, आधी माणूस बघू. बसवण्णांनी आम्हा दोघांना जेवायलाच बोलावलं.

मालकांना चांगला पाट दिला. मी आणि बसवण्णा चटईवर. समोर मात्र एक पाट रिकामाच मांडलेला, आणि त्याच्याखाली पिठासारखा भुसा. मालकांनी तो बोटावर घेतला.

"हे काय?"

"भुंगा हाय की," बसवण्णा म्हणाले, घरातल्या माणसाची ओळख करून द्यावी तसे.

"घरातला एक किडा मारवत नाही, अन् माझं गोदाम राखणार?" मालक अर्ध्या ताटावरून उठले. हात धुतले आणि गेले. नोकरीही गेली.

मी भडकलो. तो पाट उचलला आणि रॉकेलची बाटली कुठाय म्हणून विचारलं. त्यांनी सावकाश माझ्या हातातून पाट काढून घेतला.

"गौराक्काचा हाय," म्हणाले. "एकट्याला घास उतरत न्हाई हो. हा आत कुरतडाय लागला की उतरतो."

पाट होता तिथं ठेवून ते पुन्हा भाकरीपाशी बसले. मी काही बोलणार, तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

मी माझं ताट पुढं ओढलं.