शाल्मलाच्या आठ ओळी

शाल्मला व्हिएन्नाला गेली तरी माझं काही अडणार नाही, असं मी अख्ख्या धारवाडला सांगून ठेवलं होतं! आम्ही दोघांनी पीएचडीसाठी लिहिलेला प्रोग्रॅम आता माझ्या एकट्याच्या गळ्यात. इलेक्ट्रॉनची लाट दोन फटींतून सोडायची आणि पलीकडच्या पडद्यावर उजेड-अंधाराचे पट्टे कसे पडतील, ते संगणकाकडून काढून घ्यायचं. एवढंच! प्रोग्रॅमच्या शेवटी तिनं लिहिलेल्या आठ ओळी होत्या. कशाला, कोण जाणे. ती गेल्याच्या रागात मी त्या उडवल्या.

आणि काय सांगू! पट्ट्यांच्या मधे नवे पट्टे! जगात कुणी न पाहिलेले!

"सर, शोध लागला!"

आमचे गाइड हिरेमठ सर चष्मा पुसून चित्राकडे बघत राहिले. "ईरण्णा, अरे हे काय भलतंच?"

"निसर्गच भलता आहे, सर!"

दुपारपर्यंत दोन किलो पेढे संपले. कॅन्टीनच्या गंगव्वानं चुरमुऱ्यांच्या गिरमिटावर चार मिरची भजी फुकट ठेवली. कुलगुरूंनी पेढा तोंडात टाकून फर्मावलं, "उद्या पत्रकारांना बोलवा!"

मला घाई वेगळीच होती. चार महिने तिची खुर्ची मी कुणाला देत नव्हतो, इतकी तिची आठवण येत होती. आता फोन करायला कारण मिळालं! एवढा मोठा शोध म्हटल्यावर येईलच की परत!

व्हिडिओ कॉलवर चित्र बघून ती पोट धरून हसली. "माझ्या आठ ओळी काढल्यास ना?"

"तुला कसं कळलं?"

"अरे शहाण्या, चित्राच्या कडेला पोचलेली लाट त्या पुसून टाकायच्या. त्या नसल्या, की एका कडेनं गेलेली लाट दुसऱ्या कडेनं पुन्हा आत येते आणि स्वतःलाच धडकते. तेच तुझे नवे पट्टे! खरी लाट गेली की गेली, परत येत नाही."

"कधीच नाही?"



"ओळी घाल परत," ती हळूच म्हणाली. "आणि माझ्या वाटणीचा पेढा तूच खा."

ओळी घातल्या. पट्टे गेले. कुलगुरूंना कळवायला सरांनी मलाच धाडलं!

चुकीचा प्रोग्रॅम मात्र अजून जपून ठेवलाय. रोज जेवण झालं की एकदा चालवतो. लाट एका कडेनं निघून जाते, आणि मी दुसऱ्या कडेकडे डोळे लावून बसतो. सरांना वाटतं, पोरगा फार अभ्यास करतोय!