निळे खांब टेकडीवर चढले कसे?

बादलभाऊंच्या पानठेल्यावर पाटी आहे : ‘गुन्हेगारांचा कर्दनकाळ, सत्याचा एकमेव वारसदार, फुलसावंगी ते पांढरकवडा अजिंक्य गुप्तहेर. खर्रा मिळेल.’ यातलं शेवटचं वाक्य खरं आहे. मी त्यांचा सहायक. म्हणजे मोटारसायकल माझी.

त्या दिवशी बंजारा तांड्यावरची जमनीयाडी, म्हणजे साऱ्या तांड्याची आई, नोटीस घेऊन ठेल्यावर आली. घर निळ्या पूररेषेच्या आत आहे, पाडून टाका! नाल्याचा पूर जिथवर चढतो ती निळी रेषा. तिच्या आत बांधकामाला बंदी. कायदा चांगलाच आहे. फक्त याडीचं घर टेकडीवर आहे.

“माह्या घरात पाणी आलं तं समजा यवतमाळ बुडालं,” याडी कडाडली. “पन नोटीसवाले साहेब म्हनते, रेषेचे खांब तुह्या घराच्याबी वर हायेत. ते तं नाल्याकाठी होते नं भाऊ! वर आले कसे?”

“टोळीचं काम आहे,” बादलभाऊंनी तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकून निकाल दिला. तांडा अजून बघायचा होता.

टेकडीवर याडीच्या घरामागच्या मोकळ्या मैदानात दोन निळे लोखंडी खांब ताठ उभे होते. खाली नाल्याच्या अगदी पोटात एका मेंबरचा ले-आउट : ‘निसर्गरम्य रिव्हर व्ह्यू’. तिथं खांब नाही, म्हणजे पूरही नाही! मागच्या पुरात त्याची पाटी वाहून गेली होती. मेंबरनं नवी लावली, जरा उंच.

भाऊंनी खांबावर ज्वारीचं पीठ उधळून बोटांचे ठसे शोधले. मग किंचाळले, “रक्त!”

“गुलाल आहे, भाऊ.”

“खुनी हुशार आहे. रक्तावर गुलाल टाकला!” वर दोन्ही खांबांमधल्या सुतळीला वाळकी आंब्याची पानं लोंबत होती. “आरोपी आमराईतून आला.” मग ते जमिनीवर पालथे पडले. “पावलं बघ! शंभरेक लोक. सगळ्यांचे पाय मधून फाटलेले. परग्रहावरचे असावेत.”

“खुरं आहेत, भाऊ.”

“म्हणजे वेषांतर!”

पुरावा जप्त करायला भाऊ खांब गदागदा हलवू लागले, तोच तांड्याचे नाईक हिरासिंग काठी उगारत आले.

“अबे, तोरन कायले उपटून राह्यला?”

“कसलं तोरण?”

“पोळ्याचं! बैल कोनाखालून नेतेत, तुह्याखालून? बांबू तोडला तं जंगलवाले धरतेत. नाल्याकाठी दोन पाईप रिकामे उभे होते, आनले.”

“परत काहून नाही नेले?” मी विचारलं.

“नेतच होतो. तं साहेब आले. पाईपापासून टेप लावला, फोटो काढला. मले वाटलं, पोळ्याचं मैदान मंजूर झालं!”

साहेब नाल्यात उतरले नव्हते, चिखल होता. पूररेषेचा नकाशा कचेरीत होता, पण तो उघडायला खुर्चीवरून उठावं लागतं. मी स्पीकरवर फोन लावला, खांब हलल्याचं सांगितलं.

“शासकीय खांब चालत जातो का हो?” साहेब खेकसले. “खांब तिथं रेषा!”

“असं काय?” म्हणत याडीनं पदर खोचला.

हिरासिंगच्या बैलांनी दोन्ही खांब खाली ओढत नेले. ले-आउटच्या वरच्या अंगाला जुने खड्डे तसेच होते. खांब जागेवर बसले आणि अख्खा रिव्हर व्ह्यू रेषेच्या आत आला.

मेंबरच्या बोंबा ऐकून साहेब धावत आले. चिखल वाळला होता. खांबापासून टेप लावला, याडीची नोटीस फाडली, मेंबरला नवी दिली. साहेबांना पक्षपाती म्हणायची सोय नाही. ते फक्त खांबाकडे बघतात.

“आता सांगा, शासकीय खांबाला हात कोणी लावला?”

तांडा आभाळ बघू लागला. हिरासिंग बैलाचे दात मोजू लागले. बादलभाऊ छाती काढून पुढे झाले. “हे सगळं माझं काम! एकट्याचं!”

“वा. पूर्ण नाव?”

भाऊंनी पूर्ण नाव सांगितलं. वर ‘गुप्तहेर’ लिहा म्हणाले. साहेबांनी तेही लिहिलं आणि खांब हलवल्याची नोटीस त्यांच्या हातात ठेवली.

याडी माझ्या कानाशी आली. “लय हुशार मानूस हाय रे तुहा भाऊ. नाव द्याले दुसरं कोनीच तयार नोतं.”