फ्रिगेट पक्ष्याची लाल पिशवी

आमच्या संग्रहालयातला भुसा भरलेला फ्रिगेट पक्षी मी एका सकाळीत जिवंत करून दाखवणार होतो! दुपारी संचालिकाबाई पाहणीला येणार होत्या, आणि माझी नोकरी पक्की होणं त्यांच्या एका सहीवर अडलं होतं.

पक्षी तसा देखणा. काळाकुळकुळीत, आकड्यासारखी चोच, कात्रीसारखी शेपूट, पंख माझ्या खाटेहून लांब. उष्ण कटिबंधातल्या समुद्रांवर आठवडेच्या आठवडे तरंगतो. पिसं भिजतात म्हणून पाण्यावर बसत नाही. झोपतोसुद्धा उडता उडताच. त्या निळ्या दालनात त्याच्याकडे बघत राहिलं, की माझेही पाय जमिनीपासून वीतभर सुटायचे. मग सफाईवाल्या मावशींचा पोछा पायाला लागायचा.

उणीव एकच. मादीला भुलवायला नर गळ्याची लाल पिशवी फुगवतो; आमच्या नराची केव्हाच झडून गेली होती. मी तिथे लाल फुगा बांधला, वर झगझगीत दिवा लावला.

"फुगा आहे रे तो," मावशी म्हणाल्या.

"मावशी, हे विज्ञान आहे!"

"बरं. विज्ञानाला गाठ नीट मार."

बाई आल्या. मागे प्रेक्षकांचा घोळका.

"हा खातो काय?"

"लाटांवरचे उडते मासे टिपतो. नाहीतर दुसऱ्या पक्ष्याच्या मागे लागून त्याच्या तोंडचा घास पळवतो, बाई."

"अगदी आमचे उपसंचालक!" म्हणत बाई वाकल्या.

तेवढ्यात दिव्याच्या धगीनं फुगा फुगू लागला. लिंबाएवढा. नारळाएवढा!

"अगं बाई, जिवंत आहे!" कुणीतरी ओरडलं. "बाईंना बघून फुगतोय!"

बाईंनी नकळत केस सारखे केले. फुगा कलिंगडाएवढा झाला.

"याची बायको कुठे असते?" त्यांनी हळूच विचारलं.

"दूर समुद्रावर, बाई."

फट्ट!

बाईंच्या चष्म्यावर एक लाल चिंधी. माझी नोकरी मला उडता उडता दिसेनाशी होताना दिसली.

बाईंनी चिंधी काढली, घडी घालून पर्समध्ये ठेवली.

"वीस वर्षांत मला बघून कुणी इतकं फुललं नव्हतं," म्हणाल्या, आणि सही केली! खाली एक ओळही लिहिली : 'रोज दुपारी चार वाजता, फुग्यासह.'

तेव्हापासून रोज तीनला मी फुगा फुगवत बसतो. गाल दुखतात, तोंड लालबुंद होतं.

"फुगव बाबा," मावशी पोछा मारता मारता म्हणतात, "एखादी बघेल तुझ्याकडेही."

अजून तरी फक्त पक्षीच बघतो. तोही जरा तुच्छतेनं.