विहिरीत पडला तो कोण?

मांडवीच्या निशिगंधाबाई भाटकरांनी प्राचीन ग्रीक बोधकथांचा मराठी अनुवाद पूर्ण केला आणि शाळांच्या वाचनालयांत जावा म्हणून रीतसर चिपळूणच्या अनुवाद छाननी समितीकडे पाठवला. मुलांनी तो वाचावा, एवढीच त्यांची इच्छा होती. इच्छा इतकी साधी असली की समिती लागतेच.

आक्षेप पहिल्याच कथेवर आला. ‘कोणी एक माणूस विहिरीत पडला. काठावर गर्दी जमली. कोणीतरी दोर आणायला हवा, असं सगळे म्हणाले.’ पडला तो कोण, असं समितीचे अध्यक्ष गुरुप्रसाद शेवडे यांनी विचारलं. बाईंनी समजावलं की ग्रीकमध्ये ‘तिस’ असा एवढासा शब्द आहे. नामाला चिकटला की ‘कोणी एक’ होतो, एकटा आला की ‘कोणीतरी’. मुळातच नाव दिलेलं नाही.

“मुळात नसेल,” अध्यक्ष म्हणाले. “पण सरकारी वाचनालयात बिननावाचा माणूस ठेवता येत नाही. उद्या चौकशी झाली तर बोलवायचं कुणाला?”

हा आक्षेप घेतला कोणी, असं बाईंनी विचारलं. ‘आक्षेप घेण्यात आला आहे’ एवढंच टिपणात निघालं. घेणारा काही सापडला नाही.

पुस्तक अडकू नये म्हणून बाईंनी पडणाऱ्याचं नाव रामा ठेवलं आणि दोर आणणाऱ्याचं भागोजी. लगेच चिपळूणच्या समस्त रामांनी आपण सुखरूप असल्याचं कळवलं. समितीचे सदस्य भागोजी पवार तर सावर्ड्याहून स्वतः आले.

“बाई, माझं नाव नको हां त्यात,” ते म्हणाले. “गावात कुणाचं ढोर जरी पडलं ना, तरी लोक माझ्याच दारात येतील दोर मागायला. तुम्ही दुसऱ्या कुणाचं तरी घाला.”

दुसरं कोणी तयार होईना. अखेर समितीने एकमताने तोडगा काढला. पडणाऱ्याच्या जागी अनुवादिकेचं नाव घातलं, कारण तिची लेखी हरकत नव्हती. दोर आणणारा मात्र मूळ ग्रंथाचा मान राखून ‘कोणीतरी’च ठेवला.

पुस्तक मंजूर झालं. मुलं आता मोठ्याने वाचतात की निशिगंधाबाई विहिरीत पडल्या. बाईंना त्याचं मनापासून वाईट वाटतं.

वाईट तुम्हालाही वाटलं. या समितीला कोणीतरी जाब विचारायला हवा, असं तुम्ही म्हणालात आणि पान उलटलंत.